बाह्य ड्राइव्हची जोडणी वारंवार तुटणे

बाह्य ड्राइव्हची जोडणी तुटणे म्हणजे संगणकाला यूएसबी केबलने जोडलेली हार्ड डिस्क किंवा एसएसडी, वापरकर्त्याने काढलेली नसताना, संगणकाच्या दृष्टीने एकाएकी नाहीशी होणे होय. विंडोजमध्ये अशा वेळी उपकरण काढल्याचा आवाज येतो आणि ड्राइव्हचे चिन्ह पुसले जाते. मॅकओएसमध्ये डिस्क योग्य रीतीने बाहेर न काढल्याची सूचना झळकते. लिनक्समध्ये चालू असलेले नक्कल करण्याचे काम त्रुटीचा संदेश देऊन थांबते. कधी दोन-चार सेकंदांत ड्राइव्ह आपोआप परत दिसू लागतो, तर कधी केबल काढून पुन्हा लावावी लागते.

जोडणी तुटणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. अपुरी वीज, सैल सॉकेट, ऊर्जाबचतीची एखादी सोय, ड्राइव्हच्या केसिंगमधील चिपचा दोष आणि निकामी होत चाललेली डिस्क या पाचही कारणांचा पडद्यावर दिसणारा परिणाम एकच असतो. पहिली चार कारणे दूर केली की ड्राइव्ह बहुधा पूर्ववत चालू लागतो. पाचव्यात मात्र दुरुस्तीच्या प्रयत्नांत गेलेला प्रत्येक तास उरलेली माहिती धोक्यात घालतो. म्हणून 'जोडणी बिघडली आहे की डिस्क?' हा प्रश्न निदानात सर्वांत आधी सोडवावा लागतो. तो सुटेपर्यंत, ज्या फाइलींची दुसरी प्रत कोठेही नाही त्या ड्राइव्ह जितका वेळ साथ देईल तेवढ्यात अन्यत्र उतरवून घेणे हे कोणत्याही दुरुस्तीपेक्षा महत्त्वाचे काम ठरते.

## जोडणीची साखळी

यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. इंटेल कंपनीत या मानकाच्या रचनेचे काम करणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. कळफलक, माउस, प्रिंटर अशा उपकरणांसाठी वेगवेगळे सॉकेट असण्याची कटकट संपवणे हा मूळ उद्देश होता, आणि त्या आवृत्तीचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट एवढाच होता. एप्रिल २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० ने तो ४८० मेगाबिटांवर नेला आणि बाह्य हार्ड डिस्क व्यवहार्य झाली. नोव्हेंबर २००८ च्या यूएसबी ३.० ने ५ गिगाबिटांचा टप्पा गाठला. माउससाठी मांडलेल्या पंगतीत फिरती हार्ड डिस्क येऊन बसली ती अशी. तिची भूक त्या पंगतीला सुरुवातीपासूनच जड गेली आहे.

बाह्य ड्राइव्ह ही एक वस्तू दिसत असली तरी ती अनेक दुव्यांची साखळी असते. केसिंगच्या आत डिस्क असते. तिची सटा किंवा एनव्हीएमई पद्धतीची भाषा यूएसबीच्या भाषेत बदलणारी एक रूपांतरक चिप असते, जिला व्यवहारात ब्रिज म्हणतात. त्यापुढे केसिंगचे सॉकेट, केबल, क्वचित मध्ये एखादा हब, संगणकाचे पोर्ट, त्यामागील नियंत्रक आणि शेवटी ऑपरेटिंग सिस्टिममधील चालक प्रणाली. यांतील कोणताही दुवा क्षणभर निखळला तरी संगणकाला एवढेच कळते की पलीकडून येणारा संकेत थांबला. का थांबला हे कळण्याचा मार्ग त्याच्याकडे नसतो. हाताने उपटलेली केबल आणि वीज अपुरी पडून मूर्च्छित झालेली चिप या त्याच्या लेखी सारख्याच घटना असतात.

## तुटण्याच्या क्षणी काय घडते

फाइलची नक्कल पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले तरी तिचा शेवटचा भाग डिस्कवर पोहोचलेलाच असतो असे नाही. ऑपरेटिंग सिस्टिम आणि खुद्द ड्राइव्ह, दोघेही लिहावयाची माहिती काही काळ तात्पुरत्या स्मृतीत साठवून मग सवडीने उतरवतात. जोडणी तुटली की संगणकाच्या स्मृतीत अडकलेला भाग डिस्कपर्यंत जातच नाही. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे फाइल नव्हे, तर कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे याची नोंदवहीच अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहणे.

या बाबतीत फाइल प्रणालींमध्ये मोठा फरक आहे. एनटीएफएस, ईएक्सटी४ आणि अ‍ॅपलची एचएफएस प्लस या प्रणाली बदल करण्याआधी त्याची टिपण नोंद एका वेगळ्या रोजनिशीत करतात; त्यामुळे पुन्हा जोडणी झाल्यावर अर्धवट काम पूर्ण करता येते किंवा मागे घेता येते. एक्सफॅटमध्ये अशी रोजनिशी नसते. विंडोज आणि मॅक या दोन्हींवर चालते म्हणून बाजारातील बरेच ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये तयार होऊन येतात; म्हणजे ज्या उपकरणाची जोडणी तुटण्याची शक्यता सर्वाधिक, त्यावरच तुटण्याने सर्वाधिक बिघडणारी प्रणाली असते. एकाच प्रकारच्या संगणकावर ड्राइव्ह वापरायचा असेल, तर त्या संगणकाची रोजनिशी असलेली प्रणाली निवडणे अधिक सुरक्षित आहे.

विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाह्य ड्राइव्हसाठी 'त्वरित काढणे' हे धोरण मूळ निवड म्हणून लागू झाले. त्यात लिहावयाची माहिती संगणकाच्या स्मृतीत फार काळ अडकवून ठेवली जात नाही. वेग थोडा घटतो, पण अनपेक्षित तुटण्याने होणारे नुकसानही घटते.

फिरत्या डिस्कची वीज एकाएकी गेली तर तबकडीवर अतिशय कमी अंतरावर तरंगणारे वाचनशीर्ष तबकडीवर आदळू नये, यासाठी एक हुशार योजना असते: फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीतूनच मोटर जनित्रासारखी वीज निर्माण करते आणि त्या विजेवर शीर्ष सुरक्षित जागी नेले जाते. ही आणीबाणीची माघार आहे. ती अधूनमधून घडली तर बिघडत नाही. दिवसातून वीस वेळा घडू लागली तर डिस्कचे आयुष्य झिजते.

## वीजपुरवठा

जोडणी तुटण्याच्या कारणांत विजेचा वाटा मोठा आहे आणि ते कारण तपासणेही सोपे आहे; म्हणून शोधाची सुरुवात येथून करावी.

यूएसबी २.० चे पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॉट वीज देण्यास बांधील असते. यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॉट आहे. याउलट अडीच इंची हार्ड डिस्कला स्थिर तबकडी गतिमान करण्याच्या पहिल्या काही सेकंदांत सुमारे एक अँपिअर विद्युतधारा लागू शकते. एकदा वेग पकडला की तिची गरज बरीच कमी होते. म्हणजे मागणी नेमकी सुरुवातीला मर्यादेच्या काठावर किंवा पलीकडे असते. पुष्कळ पोर्ट मानकापेक्षा जास्त वीज देत असल्यामुळे हा व्यवहार एरवी निभावून जातो. जुन्या लॅपटॉपवर तोच ड्राइव्ह सुरू होतो, टिक्‌टिक् करतो, बंद पडतो आणि पुन्हा सुरू होण्याचा प्रयत्न करतो, हे याच कारणाने. हा आवाज डिस्क बिघडल्याच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो की निव्वळ विजेअभावी अडखळणाऱ्या सुस्थितीतील डिस्कही टाकून दिल्या जातात. दुसऱ्या, चांगल्या पोर्टवर लावून पाहिल्याशिवाय असा निष्कर्ष काढू नये.

पोर्टपासून ड्राइव्हपर्यंत पोहोचेतो व्होल्टेज घटते. शालेय पदार्थविज्ञानातील ओहमचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. स्वस्त केबलींमध्ये वीज वाहून नेण्यासाठीही २८ क्रमांकाची बारीक तार वापरलेली आढळते. (अमेरिकी तारमापनात क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक.) अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परतते, म्हणून एक मीटर केबलचा एकूण रोध ०.४२ ओहम होतो. ०.९ अँपिअर विद्युतधारा वाहत असताना केबलमध्येच ०.३८ व्होल्ट खर्ची पडतात आणि ५ व्होल्टचे ४.६२ उरतात. केबल दोन मीटरची असेल तर ड्राइव्हच्या हाती ४.२४ व्होल्टच येतात. २४ क्रमांकाच्या जाड तारेच्या एक मीटर केबलमध्ये हीच घट केवळ ०.१५ व्होल्ट असते. शिवाय पोर्टपाशीच व्होल्टेज नेमके ५ असते असे नाही, यूएसबी २.० च्या मानकात ते ४.७५ पर्यंत उतरलेले चालते. बाह्य हार्ड डिस्कसोबत कंपनीकडून वीतभर केबल का येते आणि लांब केबल लावल्यावर तक्रारी का सुरू होतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

डेस्कटॉप संगणकाच्या पुढील बाजूची पोर्टे आतून आणखी एका केबलने मदरबोर्डला जोडलेली असतात. मागील पोर्टे थेट बोर्डवर बसवलेली असतात. म्हणून शंका आल्यास ड्राइव्ह मागच्या पोर्टला लावून पाहावा. वेगळी वीज न घेणारा हब हा तर उघड अडथळा आहे: यूएसबी २.० च्या नियमांनुसार अशा हबच्या प्रत्येक पोर्टच्या वाट्याला १०० मिलिअँपिअरच येतात. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मात्र उलट उपयोगी पडतो, कारण तो संगणकाच्या पोर्टवरील भार काढून घेतो. पूर्वी काही ड्राइव्हसोबत दोन तोंडांची वाय आकाराची केबल येत असे. तिचे दुसरे तोंड शेजारच्या पोर्टमधून फक्त वीज घेई. ती मानकात बसत नव्हती, पण काम करत असे.

छोट्या संगणकांवर ही अडचण अधिक तीव्र होते. रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे. एक हार्ड डिस्क तेथे कशीबशी चालते. दुसरी लावताच पहिलीही तुटते, आणि नवशिक्या वापरकर्ता दोष नव्या डिस्कला देतो.

साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, जे साध्या यूएसबी पोर्टमधून मिळत नाहीत. म्हणून तिला भिंतीतील सॉकेटमध्ये लावायचा अडॅप्टर असतो आणि संशयाची सुई तिकडे वळवावी लागते. अडॅप्टरमधील संधारित्रे काही वर्षांत सुकतात. मल्टिमीटरने तपासले तर १२ व्होल्ट नीट दिसतात, पण डिस्क सुरू होताना मागणी वाढली की व्होल्टेज कोसळते. बिनभाराच्या मोजमापावर विसंबू नये. बदली अडॅप्टर घेताना पिन बसते एवढ्यावर भागत नाही, कारण १२ आणि १९ व्होल्टच्या अडॅप्टरांच्या पिना अनेकदा सारख्या असतात. लॅपटॉपचा अडॅप्टर चुकून ड्राइव्हला लावल्याने सर्किट बोर्ड जळण्याचे प्रकार घडतात. भारनियमन किंवा वारंवार वीज जाणाऱ्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या काही मिलिसेकंदांत लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण अडॅप्टरवरील डिस्क कोसळू शकते. वापरकर्त्याला दिवा लुकलुकलेला दिसतो आणि ड्राइव्ह 'उगाचच' तुटल्याचे भासते.

## केबल आणि सॉकेट

केबल हा साखळीतील सर्वांत स्वस्त दुवा आहे आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच होते. ती बाहेरून धड दिसत असली तरी वारंवार वाकल्याने आतील तार तुटून केवळ टेकून राहिलेली असू शकते.

२०१० च्या दशकातील बहुतेक फिरत्या बाह्य डिस्कवर यूएसबी ३.० चे रुंद, जोडतोंडी मायक्रो-बी सॉकेट आढळते. त्यात दहा बारीक संपर्कबिंदू असतात. ड्राइव्ह टेबलावर ठेवलेला आणि केबल लटकत असेल तर तिचे वजन सतत या सॉकेटवर पडते आणि ते सैल होत जाते. परीक्षा साधी आहे: मोठी फाइल वाचत असताना केबलचे टोक हलक्या बोटाने किंचित हलवावे. तेवढ्याने जोडणी तुटली तर उत्तर मिळाले. मात्र ही परीक्षा लेखन चालू असताना कधीही करू नये. केबल बदलूनही दोष राहिला आणि तो ड्राइव्हच्या बाजूचे टोक हलवल्यावरच दिसत असेल, तर सॉकेटचे डाख सुटले असण्याची शक्यता असते. मोबाइल दुरुस्त करणारा कुशल कारागीर ते पुन्हा जोडून देऊ शकतो. कोकण-गोव्यासारख्या किनारपट्टीवरील दमट, खारट हवेत संपर्कबिंदूंवर गंज धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसल्यास फरक पडतो.

यूएसबी ३.० मध्ये जलद वहनासाठी तारांच्या वेगळ्या जोड्या असतात आणि जुन्या यूएसबी २.० ची जोडीही शेजारी कायम असते. जलद जोड्यांत दोष आला तर संगणक गुपचूप जुन्या जोडीवर उतरतो. म्हणून पूर्वी सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास चालणारी नक्कल एकाएकी ३०-४० वर अडकली, तर ती केबल किंवा सॉकेट खराब होत असल्याची आगाऊ सूचना समजावी. याच गुणाचा निदानासाठीही उपयोग होतो. रुंद सॉकेटच्या अर्ध्या भागात जुन्या मोबाइलची साधी मायक्रो यूएसबी केबल बसते. तिच्यावर ड्राइव्ह तासन्‌तास न तुटता चालला तर डिस्क बहुधा ठीक असून दोष जलद मार्गावर आहे. अशा संथ जोडणीवर एक टेराबाइट माहिती उतरवून घ्यायला साधारण आठ तास लागतात. ती न तुटता पूर्ण होत असेल तर हा सौदा वाईट नाही.

## ऊर्जाबचतीच्या सोयी

लॅपटॉपची बॅटरी टिकावी म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम वापरात नसलेली यूएसबी उपकरणे निद्रिस्त करते. चांगले ड्राइव्ह या निद्रेतून विनातक्रार जागे होतात; काही रूपांतरक चिपना मात्र जागे होणे जमत नाही आणि संगणक त्यांना मृत समजून सोडून देतो. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड ही सोय बंद करून, तसेच डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांतील 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे' या अर्थाची खूण काढून याची परीक्षा घेता येते. मॅकओएसमध्ये हार्ड डिस्कला शक्य तेव्हा झोपवण्याचा पर्याय ऊर्जेच्या सेटिंग्जमध्ये असतो. लिनक्समध्ये प्रत्येक यूएसबी उपकरणासाठी वेगळी नियंत्रण-फाइल असते आणि तीत 'ऑन' लिहिले की ते उपकरण झोपत नाही.

काही वेळ न वापरलेली डिस्क स्वतःच फिरणे थांबवते आणि फाइल उघडताना तीन-चार सेकंद घेते, ती गोष्ट वेगळी. तो विलंब आहे. तेथे जोडणी कायम असते.

## रूपांतरक चिप आणि फर्मवेअर

जुने ड्राइव्ह संगणकाशी एका वेळी एकच आज्ञा घेण्याच्या पद्धतीने बोलत. यूएसबी ३.० सोबत आलेल्या यूएएस या पद्धतीत अनेक आज्ञा एकत्र रांगेत लावता येतात. विंडोज ८ पासून ती उपलब्ध आहे. काही चिप ही पद्धत येत असल्याचे सांगतात, पण भार वाढला की गोंधळतात. मग संगणक त्यांना पुन्हा पुन्हा रिसेट करतो आणि शेवटी जोडणी सोडतो. मोठ्या फाइली निर्वेध चालतात आणि हजारो लहान फाइली एकदम नकलताना ड्राइव्ह तुटतो, तर हा संशय घ्यावा. लिनक्समध्ये त्या विशिष्ट चिपपुरती यूएएस पद्धत बंद करण्याची सोय आहे. वेग थोडा घटतो, स्थैर्य येते.

एनव्हीएमई एसएसडीच्या छोट्या केसिंगमध्ये उष्णता हा स्वतंत्र शत्रू असतो. सलग लेखन करताना चिप आणि एसएसडी दोन्ही तापतात. पहिली दहा-पंधरा मिनिटे सुरळीत जाऊन मग ड्राइव्ह तुटणे आणि थंड झाल्यावर पुन्हा चालणे ही त्याची खूण आहे.

दोष ड्राइव्हच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये असू शकतो याचे ठळक उदाहरण २०२३ सालचे आहे. सॅनडिस्क एक्स्ट्रीम मालिकेतील काही बाह्य एसएसडी, विशेषतः ४ टेराबाइट क्षमतेचे, काम चालू असताना अचानक तुटतात आणि परत जोडल्यावर त्यांवरील फाइली सापडत नाहीत, अशा तक्रारी छायाचित्रकार, चित्रफीत संपादक आणि पत्रकार यांच्याकडून आल्या. उत्पादक वेस्टर्न डिजिटल कंपनीने हे ड्राइव्ह अनपेक्षितपणे तुटू शकत असल्याचे मान्य करून नवे फर्मवेअर प्रसिद्ध केले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ग्राहकांनी कंपनीविरुद्ध सामूहिक दावे दाखल केले. अशा प्रकारात केबल बदलून किंवा पोर्ट बदलून काहीच साधत नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलसाठी फर्मवेअर आले आहे का हे पाहणे हाच मार्ग असतो. फर्मवेअर बदलण्यापूर्वी ड्राइव्हवरील माहितीची प्रत काढून ठेवावी.

## डिस्कचा बिघाड

हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्मार्ट या पद्धतीने ठेवते. ती वाचणारे क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे विनामूल्य प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. त्यातील आकड्यांची गर्दी पाहून गोंधळण्याचे कारण नाही. पाहण्यासारख्या नोंदी थोड्याच आहेत. क्रमांक ५ ही नोंद खराब झाल्यामुळे बदललेल्या सेक्टरांची संख्या सांगते आणि १९७ ही वाचता न आलेल्या, निर्णय प्रलंबित असलेल्या सेक्टरांची. १९७ मध्ये शून्याखेरीज आकडा असेल आणि तो दर दिवशी वाढत असेल, तर केबलचा शोध थांबवून माहिती वाचवण्याच्या कामाला लागावे. १९९ ही नोंद वहनातील चुका मोजते, पण ती डिस्क आणि रूपांतरक चिप यांच्यामधील सटा जोडणीतल्या असतात. बाहेरची यूएसबी केबल कितीही खराब असली तरी हा आकडा वाढत नाही. १९२ या नोंदीत वर सांगितलेल्या आणीबाणीच्या माघारी मोजल्या जातात. तो आकडा फुगलेला असेल तर डिस्कची वीज खरोखरच वारंवार जात होती याचा तो पुरावा होय.

डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी पुन्हा पुन्हा धडपडते तेव्हा ती काही सेकंद उत्तर देत नाही, चिपचा धीर सुटतो आणि जोडणी तुटते. अशी जोडणी बहुधा त्याच एका फाइलपाशी तुटत राहते. एकमेकांवर कौलांसारखे पट्टे लिहिणाऱ्या, म्हणजे एसएमआर पद्धतीच्या, डिस्कही प्रदीर्घ लेखनानंतर आतली मांडणी करताना बराच वेळ गप्प होतात. तो बिघाड नसून त्यांचा स्वभाव आहे.

## तुटण्याच्या वेळेवरून निदान

कोणती वस्तू बदलायची यापेक्षा जोडणी कधी तुटते याची दोन-तीन दिवस टिपणे ठेवणे अधिक फलदायी ठरते. जोडताक्षणी किंवा नक्कल सुरू होताच तुटत असेल तर वीज, स्पर्शाने तुटत असेल तर केबल, ठरावीक काळ निष्क्रिय राहिल्यावर तुटत असेल तर ऊर्जाबचत, तापल्यावर तुटत असेल तर चिप आणि ठरावीक फाइलवर तुटत असेल तर डिस्क, असा सर्वसाधारण कौल मिळतो. त्याला अपवाद असतात, विशेषतः दोन दोष एकत्र असतील तेव्हा.

संगणकही अशी टिपणे ठेवतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५७ क्रमांकाची नोंद डिस्क अचानक काढली गेल्याचे सांगते, तर ७ क्रमांकाची नोंद खराब ब्लॉकचे. पहिलीच्या आधी दुसरी वारंवार येत असेल तर संशय डिस्ककडे वळतो. लिनक्समध्ये कर्नलच्या संदेशांत उणे ७१ ही त्रुटी दिसल्यास संकेत वाटेत बिघडत असल्याचे, म्हणजे बहुधा केबल, सॉकेट किंवा विजेचे कारण असते. उणे ११० म्हणजे उपकरणाने वेळेत उत्तर दिले नाही.

यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि सेटिंग एकदम बदलली आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कळत नाही आणि दोषी केबल टेबलाच्या खणात जाऊन पडते, महिन्याभराने पुन्हा बाहेर येण्यासाठी. तोच ड्राइव्ह, त्याच केबलसह, दुसऱ्या संगणकावर चालवून पाहणे ही सर्वांत निर्णायक परीक्षा आहे: तेथेही तुटला तर दोष ड्राइव्ह किंवा केबलकडे, न तुटला तर पहिल्या संगणकाकडे.

## माहिती वाचवणे

डिस्कच बिघडत असल्याचे दिसल्यास विंडोजची चेकडिस्क किंवा तत्सम दुरुस्तीची आज्ञा चालवू नये. ती फाइल प्रणाली सुसंगत करण्यासाठी आहे, माहिती वाचवण्यासाठी नव्हे. दुरुस्ती करताना ती डिस्कवर लिहिते आणि आजारी डिस्कला तासन्‌तास राबवते. त्याऐवजी आधी अत्यावश्यक फाइली, मग शक्य असल्यास संपूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. जीएनयू डीडीरेस्क्यू हा मुक्त प्रोग्रॅम नेमका यासाठी लिहिलेला आहे. तो सहज वाचता येणारे भाग आधी उचलतो, अडणारे भाग शेवटी ठेवतो आणि कोठवर आला याची नोंद ठेवत असल्यामुळे जोडणी मध्येच तुटली तरी पुढून सुरू करता येतो.

दोष केवळ केसिंगमध्ये असेल तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या केसिंगमध्ये बसवता येते, पण नेहमीच नाही. काही ड्राइव्हमध्ये यूएसबी सॉकेट डिस्कच्या स्वतःच्या बोर्डवरच असते आणि सटा सॉकेट नसतेच. काहींची रूपांतरक चिप सर्व माहिती कूटबद्ध करून लिहिते, त्यामुळे डिस्क सुस्थितीत असूनही नव्या केसिंगमध्ये ती कोरी भासते. काही केसिंग सेक्टरचा आकार वेगळा दाखवतात आणि मूळ केसिंगबाहेर विंडोज डिस्क फॉरमॅट करण्याची परवानगी मागते. ती देऊ नये.

खडखडाट किंवा एकसारखी टकटक चांगल्या पोर्टवर आणि चांगल्या केबलवरही थांबत नसेल तर वीज तत्काळ बंद करावी. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा बहुचर्चित उपाय करू नये. बाहेर काढताच तबकडीवर बाष्प साचते आणि वाचनशीर्ष त्यातून फिरते. अशी डिस्क धूळविरहित कक्षात उघडणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्यावी आणि आधी कोणकोणते उपाय करून पाहिले हे तेथे न लपवता सांगावे.